इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि जुने आउटबोर्ड इंजिन: इंधनाची वाट उघडताना

आमच्या होडीवरचे आउटबोर्ड इंजिन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवलेले इंजिन, जुन्या घडणीचे आहे. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्बोरेटर (हवेत इंधन मिसळणारा भाग), आणि वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळून चालवायचे. ते बनले त्या काळी पंपावर मिळणारे पेट्रोल हे निव्वळ पेट्रोल असे. आता त्यात इथेनॉल असते आणि त्याबद्दल इंजिनाला कोणी विचारलेले नसते. लांबलेल्या बंद हंगामानंतर ते सुरू केले तेव्हा पहिल्या काही ओढींत चालू झाले, पण मंद गतीवर अडखळू लागले, आणि थ्रॉटल पुढे केला की क्षणभर जोर धरून बसकण मारू लागले. कोणी प्राइमर बल्ब, म्हणजे इंधननळीतला हाताने दाबायचा रबरी फुगा, दाबत राहिले की मात्र पुन्हा उचल खाई. प्लगची ठिणगी आणि दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन तपासून पाहिले, तिथे काही खोट नव्हती. बल्ब दाबल्याने इंजिन सावरते याचा अर्थ त्याला इंधन पुरेसे पोहोचत नाही, म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी वाट क्रमाने उघडायचे ठरवले.

सुरुवात टाकीच्या तळापासून केली. टाकी 25 लिटरची, उचलून नेता येणारी. ती रात्रभर न हलवता ठेवली आणि सकाळी हातपंपाची नळी अगदी तळाला टेकवून थोडे इंधन काचेच्या उभट बरणीत काढले. हे काम उघड्यावर, ठिणगी आणि ज्योतीपासून दूर करावे, हे सांगायला नको. पण बंद शेडमध्ये ते करणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून सांगतो. बरणी स्थिरावल्यावर इंधनाचे दोन थर स्पष्ट दिसू लागले. वरचा थर वंगणतेलाच्या रंगाचा, निळसर आणि पारदर्शक होता. खालचा थर फिकट, किंचित पिवळसर, आणि बरणी तिरकी केली की वरच्या थराखालून वेगळा सरकणारा. दोहोंमधल्या सीमेवर तपकिरी कचऱ्याची बारीक रेघ तरंगत होती.

हा खालचा थर निव्वळ पाण्याचा नसतो, आणि मिश्रित पेट्रोलाची खरी गोम इथेच आहे. पेट्रोल पाण्याला जवळजवळ सामावून घेतच नाही. त्यात पाणी शिरले तर ते तळाशी जाऊन बसते, आणि फिल्टरच्या वाटीतून काढून टाकले की प्रश्न मिटतो. इथेनॉल मात्र पाण्यातही मिसळते आणि पेट्रोलमध्येही. त्यामुळे 10 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल नेहमीच्या तापमानाला आकारमानाच्या सुमारे अर्धा टक्का पाणी स्वतःत विरघळवून ठेवू शकते. 25 लिटरच्या टाकीत हे सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास भरते. एवढे पाणी इंजिनाला कळतही नाही, ते इंधनाबरोबर जळून निघून जाते. त्यापुढे मात्र आणखी थोडे पाणी आले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडते आणि पाण्याशी संगनमत करून दोघेही एकत्र तळाशी उतरतात. म्हणून टाकीत शिरलेले पाणी पेलाभर असले तरी खाली जमलेला थर लिटरांत मोजावा लागतो. तापमान उतरले की पाणी सामावण्याची ही क्षमता घटते. त्यामुळे दुपारी स्वच्छ दिसलेले इंधन थंड पहाटे गढूळ दिसते आणि नंतर फाटते. वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन अंकही (वेळेआधी न भडकता जळण्याचे माप) दोन-तीनने खाली येतो, म्हणजे वरचे तेवढे वापरू हा विचारही फार उपयोगाचा नाही.

टू-स्ट्रोक इंजिनात याला आणखी एक बाजू आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत घातक. वंगणतेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. खालच्या थरात ते जवळजवळ नसतेच. टाकीतली ओढनळी मात्र तळाजवळच असते. म्हणजे इंजिनाला मिळते ते पाणी आणि इथेनॉल, तेलाविना. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांना आणि पिस्टनला त्या इंधनातूनच वंगण मिळायचे असते. निव्वळ खालच्या थरावर इंजिन बहुधा बंदच पडते, आणि ते पथ्यावरच म्हणायचे. लाटांनी टाकी हिंदकळून दोन्ही थर थोडे थोडे ओढले जातात तेव्हा इंजिन कसेबसे चालत राहते आणि आतून झिजत राहते, तो प्रसंग जास्त वाईट.

बरणीतल्या नमुन्यात ताजे पेट्रोल ओतून हलवले तर थर पुन्हा एकजीव होतील का, असे एका सहकाऱ्याने विचारले. हलवल्यावर सगळे गढूळ झाले आणि थोड्या वेळाने पुन्हा दोन थर उभे राहिले. इथेनॉलरहित पेट्रोल मिळत असेल आणि ते काठावर आलेल्या मिश्रणात घातले, तर उलट इथेनॉलचे प्रमाण कमी होऊन पाणी धरून ठेवण्याची ताकद आणखी घटते आणि न फाटलेले इंधनही फाटू शकते. फाटलेल्या इंधनाला एकच उपाय, ते पूर्ण उपसून काढणे. आम्ही टाकी रिकामी केली, आतून पुसून वाळवली आणि ओढनळीच्या टोकाची जाळी काढून पाहिली. जाळीवर बुळबुळीत तपकिरी साय बसली होती. इथेनॉल चांगले द्रावक आहे. जुन्या पेट्रोलने वर्षानुवर्षे टाकीच्या भिंतींना चढवलेला राळेचा लेप ते सोडवते आणि तो सगळा प्रवाहाबरोबर पुढे निघतो. साध्या पेट्रोलवरून मिश्रित पेट्रोलवर आलेल्या जुन्या होड्यांचे फिल्टर सुरुवातीला वारंवार तुंबतात ते यामुळे.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये नेमके किती इथेनॉल आहे हे घरच्या घरी बऱ्यापैकी अचूक कळते. 100 मिलिलिटरचे मोजपात्र घेऊन त्यात आधी 10 मिलिलिटर पाणी ओतावे, वर तेल न मिसळलेले पेट्रोल 100च्या खुणेपर्यंत भरावे, तोंड बंद करून हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते आणि पाण्याची पातळी वर चढते. पाण्यात आधी शाईचा थेंब टाकला तर सीमारेषा सहज वाचता येते. आमच्या पात्रात ती 19च्या खुणेला थोडी खालीच थांबली. म्हणजे 90 मिलिलिटर पेट्रोलमधून जवळपास 9 मिलिलिटर इथेनॉल खाली आले होते, दहा टक्के. पाणी आणि इथेनॉल एकत्र आल्यावर आकारमान किंचित आक्रसते, त्यामुळे ही चाचणी जराशी कमीच दाखवते. इंजिनाच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांची मर्यादा असताना रेषा 19च्या बरीच वर गेली, तर ते पेट्रोल होडीत भरू नये.

यानंतर नळीकडे वळलो. बाहेरून ती काळी, लवचीक, कुठे भेग नाही अशी होती, आणि मेकॅनिकने ती चांगली आहे म्हणून बाजूला ठेवली होती. मला शंका होती ती बल्बमुळे. भर थ्रॉटलवर बल्ब चपटा होत होता, म्हणजे त्याच्या आधी, टाकीच्या बाजूला, कुठेतरी अडथळा होता. जाळी साफ करूनही तो पूर्ण गेला नव्हता. म्हणून नळी कापून तिचा टाकीकडचा तुकडा उभा चिरला. आतला अस्तराचा थर मूळ रबरापासून सुटून सापाच्या कातीसारखा सुरकुतला होता आणि एका जागी त्याची जीभ प्रवाहाच्या आड आली होती. इंजिन शांत असताना नळीतून फुंकर मारली तर हवा सहज जाई. ओढ वाढली की तीच जीभ भोकावर बसे. अशी खोट बाहेरून दिसणे शक्य नाही. इथेनॉलला न टिकणाऱ्या जुन्या रबरात अस्तर फुगते, मऊ पडते आणि सुटते, आणि त्याचे बारीक काळे कण पुढे कार्बोरेटरपर्यंत जातात. इंधननळी नवी घेताना तिच्यावर इथेनॉलमिश्रित इंधनासाठी योग्य असल्याची खूण छापलेली आहे का, हे पाहावे. सागरी नळ्यांसाठी एसएई जे1527 हे मानक आहे. बल्बही त्याच वेळी बदलला, कारण त्याच्या आतल्या झडपाही रबराच्याच असतात. बसवताना त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा.

कार्बोरेटर उघडण्यात सगळ्यांत जास्त वेळ गेला. दोन्हींचे फ्लोट बाउल, म्हणजे खालच्या इंधन साठवणाऱ्या वाट्या, काढले तेव्हा वरच्या कार्बोरेटरमध्ये तळाशी पांढरट करड्या रंगाची खरखरीत पूड जमली होती, आणि ती खरवडल्यावर खाली धातूला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडलेले दिसले. ॲल्युमिनियमचे हे गंजणे पाणी आणि इथेनॉलचा थर त्याच जागी महिनोन्महिने साचून राहिल्याचे लक्षण आहे. पितळी जेटवर, म्हणजे इंधन मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यांवर, हिरवट छटा होती. मुख्य जेटच्या भोकातून उजेड दिसत होता, पण वर्तुळ पूर्ण नव्हते. कडेला राळ चिकटून त्याचा चंद्रकोरीसारखा आकार झाला होता. मंद गतीचा जेट तर पूर्ण बुजलेला. तो भोकाने सर्वांत लहान असल्यामुळे नेहमी पहिला बळी त्याचाच जातो, आणि म्हणून इंजिन मंद गतीवर आधी कुरकुरू लागते.

जेट साफ करताना तार घालू नये असे सगळीच पुस्तके सांगतात आणि ते खरे आहे. जेटचे भोक ठरावीक मापाचे असते, तारेने ते ओरखडले की इंधनाचे प्रमाण बिघडते. आम्ही सगळे पितळी भाग कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून ठेवले, नंतर दाबाच्या हवेने फुंकले, आणि प्रत्येक जेट उजेडाकडे धरून भोक गोल दिसेपर्यंत ते पुन्हा पुन्हा केले. कार्बोरेटरच्या शरीरातल्या बारीक वाटांमध्ये क्लीनर फवारून तो दुसऱ्या तोंडाने धारेने बाहेर येतो का हे पाहिले. एके ठिकाणी आधी थेंब, मग काळपट चिखल आणि मग धार आली. बाउलमध्ये येणारे इंधन अडवणाऱ्या निडलचे रबरी टोक फुगून त्यावर चर पडली होती, त्यामुळे ती नीट बसत नव्हती. निडल, बैठक, सगळी गॅस्केट आणि इंधनपंपाचा पडदा हे नव्या दुरुस्ती-संचातून बदलले. हल्लीच्या संचांत इथेनॉल सोसणारे रबर असते. वर्षानुवर्षे कपाटात पडलेला जुना संच स्वस्तात मिळाला म्हणून वापरू नये, कारण मग हीच मेहनत पुन्हा करावी लागते. जोडणी करताना कार्बोरेटर उलटा धरून फ्लोटची पातळी पुस्तिकेप्रमाणे जुळवली आणि मंद गतीचा स्क्रू हलकेच पूर्ण बंद करून सांगितलेल्या फेऱ्यांइतका उघडला.

टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर आधी नव्हता, तो आता बसवला, खाली पारदर्शक वाटी असलेला. त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे मात्र समजून घ्यावे. सुटे पाणी तो अडवतो. इथेनॉलने विरघळवून धरलेले पाणी त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि तळाचा फाटलेला थर सलग येऊ लागला तर वाटी काही मिनिटांत भरून जाते. तरीही मी तो आवश्यक मानतो, कारण वाटीत काही दिसू लागले की टाकीत काय चालले आहे याची वर्दी आधी मिळते. पहिला फिल्टर घटक लवकरच बदलावा लागला. सुटलेली राळ सगळी त्यात येऊन बसली होती.

आता पाणी मुळात टाकीत आले कुठून, हा प्रश्न. सर्वसाधारण समज असा की इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेते आणि टाकीच्या श्वासनळीतून येणाऱ्या हवेनेच इंधन फाटते. हे घडते, पण फार सावकाश. पेलाभर पाणी असे जमायला मोठा काळ लागतो. आमच्या टाकीच्या झाकणाची रबरी कडी कडक होऊन तडकली होती आणि झाकणाभोवतीच्या खोलगट जागेत पावसाचे व धुण्याचे पाणी साचत होते. बंद झाकणावर मुद्दाम पाणी ओतून पाहिले तर ते हळूहळू आत उतरत होते. माझा ग्रह असा झाला आहे की होड्यांवर इथेनॉलच्या नावे फोडली जाणारी बरीचशी खापरे खरे तर अशा तडकलेल्या कड्यांवर फुटायला हवीत. इथेनॉलचा दोष एवढाच की साध्या पेट्रोलमध्ये जे पाणी वाटीतून काढून टाकता आले असते, ते त्याच्यामुळे अख्खी टाकी वाया घालवते.

बाटलीतल्या औषधांविषयी थोडेसे. इंधन टिकवणारी स्टॅबिलायझर द्रव्ये उपयोगी आहेत. ती पेट्रोलचे ऑक्सिडीकरण मंदावतात, राळ कमी धरू देतात आणि काहींत गंजरोधकही असते. ती ताज्या इंधनात घालायची असतात. फाटलेले इंधन पुन्हा जोडण्याचा दावा करणाऱ्या बाटल्या मात्र मी हातात घेत नाही. पाणी शोषून घेणारी म्हणून विकली जाणारी काही द्रव्ये स्वतःच अल्कोहोल असतात; ज्या इंधनात आधीच दहा टक्के अल्कोहोल आहे त्यात आणखी घालून काय साधणार.

सगळे जोडल्यावर इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले, मंद गतीवर स्थिर राहिले, आणि पाण्यावर भर थ्रॉटलला बल्ब गोलच राहिला. टाकी भरण्याच्या फेऱ्या थोड्या वाढल्यासारख्या वाटतात, आणि त्याला कारण आहे: इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे 10 टक्के मिश्रणात साधारण तीन टक्क्यांची घट येते. आपल्या होडीचा पल्ला आखताना एवढी घट धरावी. पण इंजिन कमी पळते याचे सगळे खापर तीन टक्क्यांवर फोडता येत नाही.

साठवणीची पद्धत पूर्ण बदलली. पूर्वी तेल मिसळलेली टाकी भरून ठेवत असू. आता पेट्रोल साधेच, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि निघण्याआधी लागेल तेवढ्यातच तेल मिसळतो. 50 ला 1 या प्रमाणाने 10 लिटरला 200 मिलिलिटर. उरलेले साधे पेट्रोल मोटारीत वापरता येते, तेल मिसळलेले नाही. होडीत बसवलेली मोठी टाकी असेल तर ती रिकामी ठेवण्यापेक्षा इंधन फुगण्यापुरती जागा सोडून जवळजवळ भरून ठेवणे बरे, कारण आत हवा जितकी कमी तितका दमटपणा कमी. काम संपल्यावर इंधननळी सोडून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवतो आणि नंतर बाउलचे निचरा-स्क्रू उघडून उरलेले इंधन काढून घेतो. या दुसऱ्या पायरीला लोक कंटाळतात. पण इंजिन बंद पडले तरी बाउलच्या तळाशी काही थेंब राहतातच आणि पांढरी पूड त्या थेंबांतूनच तयार होते. ही पद्धत कार्बोरेटरच्या इंजिनासाठी आहे. इंधन-इंजेक्शनच्या इंजिनातला पंप इंधनानेच थंड आणि ओला राहतो, त्याला कोरडे चालवणे धोक्याचे, म्हणून तिथे उत्पादकाची पुस्तिका सांगेल तेच करावे.

उपसलेले इंधन पत्र्याच्या घट्ट डब्यात, वर चिठ्ठी लावून, घातक कचरा घेणाऱ्यांकडे दिले. खालचा थर पाण्यासारखा दिसला तरी तो पेट घेतो, आणि तो गटारात किंवा पाण्यात ओतणे कोणत्याही कारणाने योग्य नाही.

राहिला तो अधिक इथेनॉलचा प्रश्न. बहुतेक आउटबोर्ड उत्पादक 10 टक्क्यांपर्यंत परवानगी देतात आणि त्यापुढे हात वर करतात. याला कारण ज्वलनाच्या हवेचे प्रमाण आहे. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9. दहा टक्के मिश्रणाला सुमारे 14.1. मोटारीतला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरचा जेट ओळखत नाही, तो पूर्वीइतकेच इंधन सोडतो, म्हणजे मिश्रण हवेच्या बाजूने पातळ होते आणि इंजिन जास्त तापते. आउटबोर्ड तासन्‌तास भर थ्रॉटलवर चालते, त्यामुळे तिथे ही उष्णता जास्त भोवते. अमेरिकेच्या नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरीसाठी मर्क्युरी मरीनने 15 टक्के मिश्रणावर आउटबोर्ड इंजिने 300 तास भर थ्रॉटलवर चालवण्याची चाचणी घेतली, तिचा अहवाल 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 300 अश्वशक्तीच्या फोर-स्ट्रोक इंजिनाच्या एक्झॉस्ट झडपा तुटल्या आणि 200 अश्वशक्तीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग चाचणी संपण्यापूर्वीच निकामी झाले. इंजिने मोजकीच होती, त्यामुळे तेवढ्यावरून सर्वांसाठी निकाल देता येत नाही, आणि बेअरिंगचे कारण इथेनॉलच होते असेही त्यातून सिद्ध होत नाही. अमेरिकेत 15 टक्के मिश्रण होड्यांत भरण्यास मनाईच आहे.

आमच्या इंजिनाचे प्लग 10 टक्क्यांवर काही काळ चालवल्यानंतर काढून पाहिले. चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी होता, खालच्या सिलिंडरचा वरच्यापेक्षा किंचित पांढुरका. पांढरा रंग म्हणजे पातळ मिश्रण. खालच्या कार्बोरेटरचा मुख्य जेट त्याच क्रमांकाचा नवा घालून पुन्हा तपासले तेव्हा दोन्ही प्लग सारखे दिसले, म्हणून मोठा जेट घालण्याची गरज उरली नाही. 20 टक्के मिश्रणाला हवेचे प्रमाण सुमारे 13.5 पर्यंत खाली येते. त्यासाठी या इंजिनाला कोणता जेट लागेल हे उत्पादकाने कुठेही दिलेले नाही, आणि अंदाजाने जेट बदलून भर पाण्यात पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकण्याची जोखीम घेण्याची माझी तयारी नाही. तोवर पंपावरून आणलेला प्रत्येक डबा आधी मोजपात्रात तपासायचा आणि मगच त्यात तेल मिसळायचे, असे चालू आहे.